मोहिमेवरचा चित्रकार: विल्यम हॉजेसचं आयुष्य आणि जागेवर रंगवण्याचं मोल

प्रश्न असा आला आहे: "मी निसर्गचित्रं करतो आणि पोर्ट्रेटही करतो. हिमालयातल्या एका मोहिमेबरोबर चित्रकार म्हणून जायची संधी आहे. पूर्वी अशा मोहिमांवर जाणारे चित्रकार कसे जगायचे, काय रंगवायचे? जागेवर किती आणि परत येऊन किती? आणि आज फोटो काढून घरी येऊन रंगवलं तर काय बिघडतं?"

अशी बरीच नावं घेता येतील, पण दहा जणांची धावती ओळख करून देण्यापेक्षा एकाच माणसाबद्दल नीट सांगतो. विल्यम हॉजेस. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर गेलेला चित्रकार. तो निवडण्याचं कारण म्हणजे त्याचं जागेवरचं काम आणि लंडनला परतल्यावर केलेलं काम, दोन्ही टिकून आहे आणि शेजारी ठेवून बघता येतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन ढिगांच्या फरकातच आहे. स्पॉटवर काम करण्यात आणि ते शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपवत नाही.

हॉजेसचा जन्म १७४४ चा, लंडनचा. वडील लोहार. घरात चित्रकलेचा गंध नाही. एका ड्रॉइंग स्कूलमध्ये तो वरकामाला पोऱ्या म्हणून होता, तिथेच बघून बघून हात बसला. रिचर्ड विल्सन या त्या काळातल्या मोठ्या निसर्गचित्रकाराने त्याला हाताखाली घेतलं. विल्सन इटलीत राहून आलेला. एका बाजूला गडद झाड, मध्ये तळं किंवा नदी, मागे सोनेरी धूसर डोंगर, कोपऱ्यात दोन-चार माणसं, ही त्याची मांडणी. हॉजेसने ती इतकी आत्मसात केली की त्याची सुरुवातीची कामं बघताना गुरूचाच हात वाटतो. पुढे काही काळ त्याने नाटकांचे पडदेही रंगवले. पडदे रंगवणाऱ्याला मोठ्या ब्रशने, भराभर, लांबून उठून दिसेल असं काम करायची सवय लागते. पुढे जहाजावर तीच कामी आली असं मला वाटतं.

१७७२ मध्ये कुकची दुसरी सफर निघायची होती. पहिल्या सफरीवरचे दोन्ही चित्रकार परत आलेच नव्हते. अलेक्झांडर बुकन ताहितीला पोचल्यावर काही दिवसांतच गेला, आणि सिडनी पार्किन्सन परतीच्या वाटेवर बटाव्हियातून (आजचं जकार्ता) लागलेल्या आजाराने समुद्रातच गेला. दुसऱ्या सफरीसाठी जोसेफ बँक्स या श्रीमंत निसर्गअभ्यासकाने योहान झोफानी या नामांकित पोर्ट्रेट चित्रकाराला ठरवलं होतं. पण बँक्सने आपल्या लवाजम्यासाठी जहाजावर जो वरचा मजला चढवून घेतला त्याने जहाज डोलायला लागलं. तो काढून टाकल्यावर बँक्स रागावून बाजूला झाला, त्याच्याबरोबर झोफानीही. ऐन वेळी ब्रिटिश नौदल खात्याने हॉजेसला नेमलं. काम ठरलेलं होतं: जी ठिकाणं नुसत्या वर्णनाने डोळ्यांपुढे उभी राहत नाहीत, त्यांची चित्रं काढायची. १३ जुलै १७७२ ला प्लिमथहून 'रिझोल्यूशन' आणि 'अ‍ॅडव्हेंचर' ही जहाजं निघाली आणि तीन वर्षांनी, ३० जुलै १७७५ ला, 'रिझोल्यूशन' परत आलं.

आता साहित्य बघा, कारण आपल्याला आज त्याची कल्पना येत नाही. ट्यूबमधले तैलरंग १८४१ नंतरचे. हॉजेसच्या काळी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून मिळायचा. टाचणीने भोक पाडून हवा तेवढा पिळायचा आणि भोक पुन्हा बंद करायचं. कोबाल्ट निळा नव्हता, व्हिरिडियन हिरवा नव्हता. प्रशियन निळा होता. उष्ण कटिबंधातला तो सगळा हिरवा निळ्या-पिवळ्याच्या मिश्रणातून आणि मातीरंगांतून काढलेला आहे. हे सगळं हलत्या जहाजावर, खारट दमट हवेत, जिथे तेल लवकर सुकत नाही.

नोव्हेंबर १७७२ मध्ये केपटाउनला मुक्काम होता. तिथे त्याने समुद्रावरून दिसणारं टेबल माउंटन मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात केलं. विल्सनच्या शिष्याचं हे चित्र वाटत नाही. बाजूला झाड नाही. ढग डोंगरावर उतरलेले, त्यांची सावली शहरावर, आणि पुढे पाण्याच्या एका पट्ट्यावर गार पांढरट ऊन. विषय डोंगर नाहीच, हवा आहे. शिकलेली चौकट चार महिन्यांच्या समुद्राने बाजूला सारलेली इथे दिसते. जहाजावर विल्यम वेल्स नावाचा खगोलशास्त्रज्ञ होता. तापमान, वारा, आकाश यांच्या नोंदी रोज चालायच्या. अशा माणसांच्या शेजारी राहून चित्रकाराची नजर बदलली तर नवल नाही.

मग दक्षिणेकडे. १७ जानेवारी १७७३ ला जहाजाने अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. माणसाने ते ओलांडल्याची ही पहिली नोंद. त्याच महिन्यातलं हॉजेसचं एक शाई-जलरंगाचं काम सिडनीच्या राज्य ग्रंथालयात आहे. पिण्याचं पाणी संपत आलं होतं म्हणून बर्फ गोळा करताहेत असा प्रसंग. बर्फाचा प्रचंड डोंगर, त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढ्या होड्या, दोन्ही जहाजं थांबलेली. रंग म्हणाल तर जवळपास नाहीच. राखाडी-निळे वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर. बर्फाची उजळ बाजू म्हणजे जवळजवळ कोरा कागद. मी विद्यार्थ्यांना हे चित्र तासभर बघायला लावतो. बर्फ पांढरा म्हणून पांढरा रंग फासायचा मोह होतो, आणि इथे आकाश किंचित गडद ठेवून बर्फ आपोआप पेटवला आहे. गारठलेल्या हाताने तीन टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या तीन पायऱ्या, लावायला वेळ मिळाला असेल, चौथा लावायला नाही. म्हणूनच ते इतकं नेमकं उतरलं.

११७ दिवस जमीन न बघता जहाज न्यूझीलंडच्या डस्की बेमध्ये पोचलं. पिकर्सगिल हार्बर नावाच्या खाचेत किनाऱ्याला इतकं लगटून उभं केलं की आडवं झुकलेलं एक झाडच जहाजावरून उतरायचा पूल झालं. हे त्याच्या तैलचित्रात दिसतं: ओलसर अंधाऱ्या रानातून चमकणारं पाणी, त्या खोडावरून जाणारा एक माणूस, आणि लांब वरच्या बाजूला, झाडं तोडून मोकळ्या केलेल्या जागेत, खगोलशास्त्रज्ञांचा तंबू. २००४ मध्ये लंडनच्या ग्रिनिच इथल्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात हॉजेसचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या तयारीत या चित्राचे एक्स-रे काढले तर खाली हिमनगांचं चित्र सापडलं. प्रत्यक्ष बघून तैलरंगात केलेलं अंटार्क्टिक समुद्राचं हे कदाचित पहिलं चित्र, आणि त्याच्यावर त्याने रान रंगवून टाकलं! जहाजावर कॅनव्हास मोजका असतो आणि समोर नवा विषय उभा असतो. ज्याने डोंगरात आठ-दहा दिवस काम केलं आहे त्याला हे कळेल.

व्यक्तिचित्रांचं काय? हॉजेस मुळात निसर्गचित्रकार, पण सफरीवर दुसरा कोणी पोर्ट्रेट करणारा नव्हता. त्याने लाल खडू निवडला. खडू सांडत नाही, वाळायची वाट बघावी लागत नाही, आणि समोरचा माणूस कधीही उठून जाऊ शकतो. जवळपास अर्धा मीटर उंचीच्या कागदावर नुसती डोकी. ताहितीचा सरदार तू, ज्याला ते 'ओटू' म्हणत. ईस्टर बेटावरचा लांब कानांच्या पाळ्यांचा माणूस. टाना, मालेकुला, न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिक बेटांवरचे स्त्री-पुरुष. यातली बरीच आज कॅनबेराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. डोळ्यांच्या आसपास आणि ओठांच्या कडेला त्याने जो वेळ दिला आहे त्यावरून समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून बघितलं हे कळतं. एक गोष्ट मात्र मला कायम सलते. सरदाराचं नाव राहिलं, बाकीचे बहुतेक 'ईस्टर बेटावरचा पुरुष', 'टानाची स्त्री' एवढेच उरले. तुम्ही पोर्टरचं, गाइडचं, चहा देणाऱ्या बाईचं पोर्ट्रेट कराल तेव्हा कागदाच्या मागे नाव आणि गाव विचारून लिहा. त्यांना चालणार असेल तरच चित्र काढा, आणि जमलं तर एक स्केच त्यांना देऊन या.

कुकचंही पोर्ट्रेट त्याने केलं. ते बरीच वर्षं बेपत्ता होतं, १९८६ मध्ये आयर्लंडमध्ये सापडलं आणि आता ग्रिनिचला आहे. नॅथॅनियल डान्सने केलेलं कुकचं चित्र सगळीकडे छापलं जातं: गणवेश, समोर नकाशा, रुबाबदार बैठक. हॉजेसचा कुक थकलेला, गाल आत गेलेला, वाऱ्याने रापलेला. तीन वर्षं ज्याच्याबरोबर एकाच जहाजावर काढली त्याचा चेहरा असा दिसतो.

परतल्यावर नौदल खात्याने त्याला मोठी तैलचित्रं पूर्ण करायला कामावर ठेवलं. इथे दुसरा ढीग सुरू होतो. ताहितीच्या वैतेपिहा खोऱ्याची त्याची चित्रं सुंदर आहेत यात वाद नाही. नदीत आंघोळ करणाऱ्या बायका, त्यांच्या मांड्यांवरचं गोंदण, बाजूला लाकडी देवमूर्ती, आणि मागे मचाणावर ठेवलेलं कापडात गुंडाळलेलं प्रेत. सगळे तपशील खरे. पण त्यांना बसवलं आहे विल्सनच्या इटलीत. न्यूझीलंडच्या केप स्टीफन्सजवळ मे १७७३ मध्ये समुद्रातून पाण्याचे स्तंभ उठले, ते सगळ्यांनी जहाजावरून बघितले. लंडनमधल्या चित्रात मात्र आपण किनाऱ्यावर उभे आहोत आणि पुढ्यात घाबरून हात पसरलेलं एक कुटुंब आहे. ती माणसं तिथे नव्हती. ती युरोपातल्या जुन्या चित्रांतून आली. प्रवासवर्णनासाठी केलेल्या कोरीव छापांत तर टोंगाचे लोक ग्रीक पुतळ्यांसारखे, पायघोळ वस्त्रांत उभे राहिले. त्याच जहाजावर असलेल्या गेओर्ग फोर्स्टर या तरुण निसर्गअभ्यासकाने यावर जाहीर टीका केली, आणि ती रास्त होती. हॉजेसचे मूळ खडूचे चेहरे बघितले की कळतं, त्याला दिसलं नव्हतं असं नाही. लंडनच्या टेबलावर, गिऱ्हाइकाची आवड आणि अकादमीची रीत समोर असताना, दिसलेलं हातातून निसटलं.

गंमत म्हणजे लंडनच्या समीक्षकांनी त्याला दोष दिला तो उलट्या गोष्टीसाठी. रंग फार खडबडीत लावतो, काम अपुरं वाटतं म्हणून. म्हणजे त्याच्या कामात जहाजावरचं जे उरलं होतं तेच त्यांना खुपलं. ईस्टर बेटाच्या चित्रात ते शिल्लक आहे: अंगावर येणारं वादळी आकाश, तिरपा उजेड, उभे दगडी पुतळे आणि पायाशी माणसाची कवटी आणि हाडं. नाट्य आहे, पण ते उजेडाचं आहे.

पुढचा प्रवास भारताचा. १७८० च्या सुरुवातीला तो मद्रासला उतरला. त्याच वर्षी हैदर अलीची फौज कर्नाटकात उतरली आणि फिरणं बंद झालं, शिवाय तब्येत बिघडली. १७८१ मध्ये तो कोलकात्याला गेला. तिथे ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जने त्याला आसरा दिला आणि आपल्याबरोबर गंगेने वर नेलं. बनारसला हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला नजरकैद केलं आणि शहर उठलं. सगळ्यांना रात्री चुनारगडाकडे पळावं लागलं. हॉजेसने सामान मागे टाकलं पण चित्रं सोडली नाहीत. नंतर भागलपूरला ऑगस्टस क्लीव्हलँड या अधिकाऱ्याकडे राहून राजमहालच्या डोंगरांत काम केलं. १७८३ मध्ये लखनौ, आग्रा, फतेहपूर सिक्री आणि ग्वाल्हेर.

ग्वाल्हेरपाशी मराठी वाचकाने थोडं थांबावं. १७८० च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या फौजेने रात्री शिड्या लावून हा किल्ला मराठ्यांकडून घेतला होता, आणि १७८३ मध्येच महादजी शिंद्यांनी तो परत मिळवला. हॉजेस गेला तो या दोन घटनांच्या मधल्या काळात. त्याचा ग्वाल्हेर म्हणजे लांबलचक कडा, उन्हात तापलेला. त्यात कौतुक आहे तसंच कंपनीच्या पराक्रमाची जाहिरातही आहे, हे विसरून बघू नये. मोहिमेचा चित्रकार कोणाच्या पैशाने जातो हे त्याच्या चित्रात उतरतंच.

इंग्लंडला परतून त्याने १७८५ ते १७८८ या काळात भारताची ४८ दृश्यं अ‍ॅक्वाटिंट पद्धतीने, म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून वॉशसारख्या छटा आणत, स्वतः छापली. १७८६ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम कोलकात्यात आले. ते हॉजेसचे छाप बरोबर घेऊन त्याच ठिकाणी उभे राहायचे आणि मोजमाप चुकल्याचं दाखवायचे. त्यांच्याकडे कॅमेरा ऑब्स्क्यूरा होता, म्हणजे भिंगातून समोरचं दृश्य कागदावर पाडणारी पेटी. घुमटांची प्रमाणं, कमानींची संख्या यांत डॅनियल बरोबर आहेत, वास्तूची नोंद हवी असेल तर त्यांच्याकडेच जावं. पण उत्तर हिंदुस्थानातल्या एप्रिलच्या दुपारचं धुळीने पांढरं पडलेलं आकाश मला हॉजेसकडेच दिसतं. फोटोबद्दलच्या तुमच्या प्रश्नाशी हे थेट जोडलेलं आहे.

(आपल्याकडचं याच काळातलं उदाहरण म्हणजे जेम्स वेल्स. १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी यांची चित्रं केली आणि लेण्यांची रेखाटनं करत असताना १७९५ मध्ये साष्टीत वारला. त्याच काळात पुण्यातल्या गंगाराम तांबटाने वेरूळ-कार्ल्याची जी रेखाटनं केली ती मिळाली तर जरूर बघा. त्याच्यावर मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे याचं वाईट वाटतं.)

हॉजेसचा शेवट चांगला झाला नाही. रॉयल अकॅडमीचं सदस्यत्व मिळालं, पण चित्रं खपेनात. १७९४-९५ च्या हिवाळ्यात त्याने शांततेचे आणि युद्धाचे परिणाम दाखवणारी दोन मोठी चित्रं प्रदर्शनात मांडली. फ्रान्सशी युद्ध चालू होतं. राजाचा मुलगा ड्यूक ऑफ यॉर्क बघायला आला, त्याला हे राजकारण वाटलं आणि प्रदर्शन बंद पडलं. हॉजेसने ब्रश खाली ठेवला आणि डार्टमथच्या एका बँकेत भागीदारी घेतली. १७९७ च्या आर्थिक संकटात ती बँक बुडाली आणि त्याच मार्चमध्ये तो गेला. त्याने अफूचा अर्क घेतला अशी तेव्हा बोलवा होती. जगाची प्रदक्षिणा केलेला चित्रकार बावन्नाव्या वर्षी कर्जात गेला, ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. मोहिमेवरून आणलेलं काम त्याचं नव्हतं, नौदल खात्याचं होतं. म्हणून त्यातली बरीच तैलचित्रं ग्रिनिचला एकत्र टिकली हे आपलं भाग्य, पण त्याच्या हाती पगारापलीकडे काही राहिलं नाही. तुमच्या आयोजकांशी निघण्याआधी कागदावर ठरवून घ्या: मूळ चित्रं कोणाची, छापायचा हक्क कोणाचा, आणि काही विकलं गेलं तर वाटा किती.

आता फोटोचं. फोटो जरूर काढा. दोरांच्या गाठी, तंबूची रचना, एखाद्या कपड्याची नक्षी, शिखराची नेमकी कड यांसाठी तो उत्तम आहे. पण फोटोत सावल्या काळ्या होतात, बर्फ कोरा होतो, आणि कुठे बघायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. घरी आल्यावर ते तुम्ही ठरवता, आणि घरी तुमच्या हातात शिकलेली सवय असते. हॉजेसच्या पाण्याच्या स्तंभांपुढे ते घाबरलेलं कुटुंब असंच आलं. म्हणून क्रम पाळा: आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन टोनचा वॉश, मग फोटो. उलट केलंत तर वॉश काढणं होतच नाही.

उंचीवर जलरंग गोठतात, कागदावर बर्फाच्या कांड्या उमटतात. पाण्यात थोडी व्होडका घातली की काही अंश आणखी चालतं. त्याखाली फक्त पेन्सिल आणि शब्द. स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमांवरचा एडवर्ड विल्सन बाहेर पेन्सिलीने रेखाटन करून त्यावर रंगांची नावं लिहायचा आणि झोपडीत येऊन दिव्याच्या उजेडात रंगवायचा. त्यातही काही बिघडत नाही, कारण रंग कोणता हे त्याने समोर बघून लिहिलेलं असायचं. पोर्ट्रेटसाठी लाल-तपकिरी काँटे स्टिक किंवा खडू न्या, खडू पुसला जाऊ नये म्हणून फवारायच्या फिक्सेटिव्हची एक छोटी बाटली, आणि चेहरे तळावरच करा, वर सगळ्यांची दमछाक झालेली असते. दिवसाचं काम संध्याकाळी तंबूत बसून दुरुस्त करू नका. मागे तारीख, वेळ, उंची, वाऱ्याची दिशा लिहा आणि पाकिटात बंद करा. मोठी तैलचित्रं खाली उतरल्यावर करायचीच आहेत, तेव्हा त्या छोट्या कागदांना भिंतीवर लावून त्यांच्याकडे बघून करा. निघायला अवकाश असेल तर हॉजेसच्या बर्फ गोळा करण्याच्या चित्राची एक नक्कल आजच करून बघा. फक्त तीन टोन, पांढरा रंग न वापरता.